कोंबड्यांचे प्रवाससौख्य

उत्कर्षच्या मते गुजराती ही वेगळी भाषाच नव्हती. ती मराठीच, फक्त वाक्य संपताना 'छे' म्हणायला विसरायचे नाही, एवढाच काय तो व्याकरणाचा भाग. पुण्याहून बडोद्याला येऊन त्याला दोन वर्षे झाली होती आणि तेवढ्या काळात भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांवर त्याचा हा छे-प्रयोग करून झाला होता. लोक समजून घेत. बडोद्याची माणसे भली. त्यांच्या भलेपणाला उत्कर्ष आपले भाषाप्रभुत्व समजत असे.

त्याचे सासरे मल्हारराव जगदाळे यांना हे 'छे' बुटात खडा गेल्यासारखे टोचत असे. ते स्वतः बडोद्यात जन्मलेले, बडोद्यातच रेल्वेतून निवृत्त झालेले आणि आता फतेगंजातल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे. जावयाविषयी त्यांची मते फार नव्हती. एकच होते, आणि ते चारचौघांत बोलण्यासारखे नव्हते. उत्कर्षने डॉक्टरेट मिळवली होती ती कोंबड्यांवर. त्यातही कोंबडीच्या पोटात काय असते यावर नाही, तर तिच्या मनात काय असते यावर. टेम्पोतून नेताना कोंबडीला कसे वाटते, आणि कुठल्या जातीच्या कोंबडीला जास्त वाईट वाटते, हा त्याचा विषय. लग्नात मल्हाररावांनी सगळ्यांना "जावई डॉक्टर आहेत" एवढेच सांगून वेळ मारून नेली होती. एका मावशींनी विश्वासाने गुडघा पुढे केला, तेव्हा या गृहस्थाने तो पाहून "हाड चांगलं रुंद आहे, वजन झेपेल" असा अभिप्राय दिला. मावशी अजून मल्हाररावांशी बोलत नाहीत.

त्या रविवारी दुपारी जेवणे आटोपून उत्कर्ष सासऱ्यांच्या दिवाणखान्यात पाय पसरून बसला होता. तरसालीच्या पुढे त्याच्या संस्थेने एक शेत घेतले होते. तिथे कोंबड्यांना पिंजऱ्याविना, मोकळ्या रानात वाढवायचे होते. दोन जाती: एक त्या पांढऱ्या, गुबगुबीत, दीड महिन्यात वजनावर येणाऱ्या ब्रॉयलर, दुसऱ्या अंकलेश्वर जातीच्या, बारीक चणीच्या, रंगीत, गावठी, मोजून बारा. दोन्ही राजपिपळ्याकडच्या एका गावातून टेम्पोने सोमवारी सकाळी यायच्या होत्या. शेताचे कुंपण रविवारी रात्री पुरे होणार होते. टेम्पोवाल्याला शेत माहीत नव्हते, म्हणून त्याने आधी फतेगंजात यायचे, उत्कर्षला गाडीत घ्यायचे आणि मग पुढे जायचे, असे ठरले होते.

"बाबा, कोंबडीला गाडीत सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते माहितीये?" उत्कर्षने विचारले.

"उतरल्यावर काय होणार याची," मल्हारराव म्हणाले.

"नाही. अनिश्चिततेची."

"तेच म्हणतोय मी."

तेवढ्यात उत्कर्षचा फोन वाजला. टेम्पोवाला प्रतापसिंह होता. उत्कर्षने फोन स्पीकरवर टाकला. परभाषेतले आपले संभाषण सासऱ्यांच्याही कानावर पडावे, असा त्याचा हेतू असावा.

"साहेब, गाडी आवी गई छे," प्रतापसिंहाचा आवाज आला. "मरघी मोकली दउं?"

आता बडोद्यातल्या कुठल्याही मराठी पोराला विचारा, गुजरातीत 'मोकलवुं' म्हणजे पाठवणे. प्रतापसिंह विचारत होता, कोंबड्या पाठवून देऊ का. उत्कर्षने मात्र ते ऐकले मराठी कानांनी. कोंबड्या मोकळ्या करू का, असे एक टेम्पोवाला आपण होऊन विचारतो आहे, या कल्पनेने त्याचे डोळे पाणावले.

"हा, हा, मोकळी," तो म्हणाला. "एकदम मोकळी पाहिजे छे."

"हमणां ज?"

'हमणां ज' म्हणजे आत्ताच. तेवढे उत्कर्षला कळले. "हा, आत्ताच. वाट कशाला पाहायची छे?"

"पांजरामां भरीने?"

"पिंजरा नाही. अजिबात नाही. पिंजरा म्हणजे पाप छे. मोकळी म्हणजे मोकळी."

प्रतापसिंहाच्या घराण्यात तीन पिढ्या कोंबड्या वाहत होत्या, पण पिंजऱ्याविना कोंबड्या पाठवायला सांगणारे गिऱ्हाईक पहिलेच असावे. "जेवी साहेबनी मरजी," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

"बघा," उत्कर्ष म्हणाला, "साधा माणूस. पण प्रवासाच्या आदल्या दिवशी पक्ष्यांना मोकळं सोडायला हवं, हे त्याला आतून उमगलं."

मल्हाररावांनी पेपर तोंडासमोर धरला. आतून त्यांना काय उमगले होते ते सांगायला त्यांनी तोंड उघडले असते, तर पुढचे काहीच घडले नसते. पण असा सुग्रास मूर्खपणा समोर वाढून आला असता त्यात चमचा घालून ढवळायचा, हे त्यांच्या जिवावर आले. येऊ दे टेम्पो एक दिवस आधी. कळू दे विद्वानाला. फार तर काय, कोंबड्यांना कुंपण नसलेल्या शेतावर एक रात्र काढावी लागेल. त्या मनात काहीही म्हणोत, आपल्याला काय? पेपरामागे त्यांची मिशी हलली.

मग ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. तिथे अस्मिता, त्यांची एकुलती एक लेक, कपबशा पुसत होती. घरातल्या सगळ्यात चांगल्या कपबशा.

"या कशाला काढल्यास?"

"संध्याकाळी वसुंधराबाई येतायत ना चहाला. संस्थेच्या मोठ्या बाई. उद्या शेत बघणार आहेत."

"बघू देत की. शेतात बघण्यासारखं काय असतं? माती."

अस्मिताने कप खाली ठेवला. "बाबा, तुम्हाला सांगणार नव्हते. त्यांना हा प्रयोग पटला नाही, तर इथलं काम बंद होणार. उत्कर्षला हैदराबादला जावं लागेल. म्हणजे मलाही."

मल्हाररावांनी फुलपात्र तोंडाला लावले. मग ते भरलेलेच खाली ठेवले. अस्मिता आठवड्यातून तीनदा तरसालीहून येई, त्यांच्या औषधांवरून भांडे, फ्रिजमधले शिळे फेकून देई, त्यांच्या चपलेच्या तुटक्या अंगठ्यावरून त्यांचा उद्धार करी आणि निघून जाई. मल्हारराव तिला नेहमी म्हणत, "तू येतेस म्हणून शांतता नाही." हैदराबादहून कोणी आठवड्यातून तीनदा भांडायला येत नाही.

"कधी जायचं म्हणे?" त्यांनी विचारले.

"बंद झालं तर पुढच्याच महिन्यात."

मल्हारराव ज्या चपळाईने दिवाणखान्यात परतले, ती त्यांच्या गुडघ्यांनाही नवी होती.

"जावईबापू, त्या टेम्पोवाल्याला फोन लावा. आत्ता."

"का हो?"

"तो कोंबड्या घेऊन निघालाय. मोकली म्हणजे पाठवली. तुम्ही त्याला पाठव म्हणालात, तेही पिंजऱ्याशिवाय."

उत्कर्षने त्यांच्याकडे माफक दयेने पाहिले. "बाबा, तुमचं गुजराती जुनं आहे."

"माझं जुनं आहे, त्याचं तर चालू आहे ना? लावा फोन."

फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला. बंदच होता. तेव्हा उत्कर्षला आठवले की हा आपलाच नियम. गाडीत कोंबड्या असताना चालकाने फोन बंद ठेवायचा. घंटीच्या आवाजाने त्यांच्या हृदयाचे ठोके वाढतात. त्याचे स्वतःचे ठोके आता दिवाणखान्यात ऐकू येऊ लागले.

"आणखी काय काय नियम केलेत?" मल्हाररावांनी विचारले.

"गाडी सावकाश चालवायची. आणि संथ संगीत लावायचं."

"संथ हे त्याला गुजरातीत कसं सांगितलंत?"

उत्कर्षने खिडकीबाहेर पाहिले. "सारुं म्युझिक छे, असं सांगितलं."

प्रतापसिंहाच्या लेखी सारुं म्हणजे चांगले म्युझिक कुठले असणार, हे त्यांना दोनेक तासांनी, गाडी सोसायटीच्या फाटकापासून बऱ्याच अंतरावर असतानाच कळले. गरब्याचा ढोल वाजत येत होता. नवरात्र चार महिने लांब असताना फतेगंजात ढोल ऐकून गच्चीवर वाळलेले कपडे काढणाऱ्या दोन बायांचे पाय आपोआप ताल धरू लागले, असे सांगतात. मग टेम्पो फाटकातून आत शिरला. मागच्या हौद्यावर मासळीच्या जाळ्यासारखे जाळे, आणि त्याखाली पिसांचे वादळ. राजपिपळ्यापासून बडोद्यापर्यंत त्या कोंबड्या ढोलाच्या तालावर या कठड्यावरून त्या कठड्यावर आपटत आल्या होत्या. प्रतापसिंह खाली उतरला आणि त्याने नमस्कार केला. सांगितलेले सगळे आपण अक्षरशः पाळले, असे समाधान त्याच्या चेहऱ्यावर होते.

फाटकाशेजारच्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, सोसायटीचे चेअरमन मयंकभाई बसले होते. सोसायटी पूर्ण शाकाहारी. म्हणजे कागदावर पूर्ण आणि रविवारी दुपारी जगदाळ्यांची खिडकी वगळता. त्या खिडकीतून येणाऱ्या वासाला मयंकभाई 'काकाना मसाला' म्हणत आणि विषय बदलत. पण मसाला पायांनी चालत फाटकातून आत येईल, ही कल्पना त्यांनी केली नव्हती.

"काका, आ शुं छे?" ते हिंचक्यावरून उठले. "आपणी सोसायटीमां नॉनव्हेज नथी चालतुं."

"हे कुठं नॉनव्हेज आहे?" मल्हारराव म्हणाले. मयंकभाईंना मराठी कळत असे आणि मल्हाररावांना गुजराती. त्यामुळे दोघे आपापल्या भाषेत सुखाने भांडत. "जिवंत आहेत. जिवंत आहे तोवर प्राणी शाकाहारीच असतो. बघा, दाणे खातायत."

मयंकभाई विचारात पडले. मुद्दा चुकीचा होता, पण कुठे चुकीचा होता ते त्यांना पटकन सापडेना. ते सापडायच्या आत गाडी बाहेर काढायची, असा मल्हाररावांचा बेत होता. "प्रतापसिंह, गाडी वळव," ते म्हणाले. "तरसालीला चल. मी दाखवतो."

"थांबा," उत्कर्ष जिन्यावरून धावत आला. "आधी त्यांची अवस्था पाहिली पाहिजे."

"अवस्था तरसालीला पाहा."

"बाबा, प्रवास संपल्याबरोबर पाहायची असते. डोळ्यांत. ती नोंद फार महत्त्वाची." आणि मल्हारराव त्याचा सदरा पकडेपर्यंत त्याने हौद्याची फळी खाली पाडली.

एका कोंबडीच्या डोळ्यांत पाहण्याची संधी त्याला मिळाली, ती कोंबडी त्याच्या चष्म्यावर बसल्यामुळे. बाकीच्या अंकलेश्वरच्या कोंबड्या त्याच्या डोक्यावरून, खांद्यावरून बाहेर पडल्या, एक तर त्याच्या तोंडावर पाय देऊन. त्या गावठी जातीला पंख असतात आणि ते चालतातही, हे शहरातल्या माणसाच्या लक्षात राहत नाही. दोन पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत गेल्या. एक दुसऱ्या मजल्यावरच्या एसीच्या डब्यावर. एकीने सरळ तिसरा मजला गाठला आणि कोणाच्या तरी वाळत घातलेल्या साडीवर झोके घेऊ लागली. चार-पाचजणींनी पार्किंगमधल्या स्कूटरच्या सीटा वाटून घेतल्या. मयंकभाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक आत गेली. आत हांडव्याचे पीठ आंबत ठेवले होते. थोड्याच वेळात ती पीठ ल्यालेली बाहेर आली आणि तिच्यामागून मयंकभाईंच्या पत्नीचा आवाज आला. तो शब्दांत नव्हता.

ब्रॉयलर कोंबड्यांनी मात्र असला आचरटपणा केला नाही. त्या हौद्यातून घसरत खाली आल्या, जिथे पडल्या तिथे बसल्या आणि हलेनात. सोसायटीच्या आवारात कोणी पांढऱ्या उश्या वाळत घातल्या आहेत, असे दिसू लागले. एक मयंकभाईंच्या गाडीच्या चाकासमोर बसली. मयंकभाईंनी तिला "हट" म्हटले. तिने डोळे मिटले.

"पाहिलंत?" चष्मा शोधत उत्कर्ष म्हणाला. "जातीचा फरक. एकीला भीती वाटली की ती उडते. दुसरीला भीती वाटली तरी उठता येत नाही. वजन पायांना पेलत नाही. हेच मी प्रबंधात म्हटलंय."

"प्रबंध राहू द्या. त्या एसीवरचीला कोण उतरवणार?"

"पाठलाग करायचा नाही हं, बाबा. ताण येतो."

"मला आलाय तो कुठं नोंदवायचा?"

हिंचक्यावरची मयंकभाईंची गादी रिकामी पाहून एक तांबूस कोंबडी तिथे जाऊन बसली होती. ती उठली तेव्हा गादीच्या मधोमध एक वस्तू होती. लहानशी, फिकट, अजून ऊबदार. मयंकभाई तिच्याकडे एखाद्या बॉम्बकडे पाहावे तसे पाहत राहिले.

"काका," ते खोल आवाजात म्हणाले, "आ शुं?"

"अंडं."

"ए तो मनेय खबर छे. मारी गादी पर केम?"

"गादी आवडली असेल. चेअरमनची आहे."

नेमकी याच वेळी फाटकाशी रिक्षा थांबली. रिक्षातून एक ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाई उतरल्या. खांद्याला झोळी, पायात मजबूत बूट, आणि चेहऱ्यावर जगातला कुठलाही मूर्खपणा आता नवा राहिला नाही असा भाव. डॉक्टर वसुंधरा चिटणीस. त्यांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, मग वर तिसऱ्या मजल्याकडे पाहिले.

उत्कर्ष पिसांनी माखलेला तसाच पुढे झाला. "मॅडम, आपण चहाला... म्हणजे हे उद्या... हे खरं तर शेत नाही."

"ते मला दिसतंय."

अस्मिता जिन्यात उभी होती. तिच्या हातात कपबशांचा ट्रे होता आणि तो वाजत होता. तो आवाज ऐकला मात्र, मल्हाररावांनी जन्मात जावयासाठी जे केले नव्हते ते करायचे ठरवले. त्याच्या बाजूने बोलायचे.

"बाई, या," ते पुढे झाले. "मी मल्हारराव, अस्मिताचे वडील. ही जावईबापूंची युक्ती आहे. रानात काय, कोणीही मोकळी सोडेल. खरी परीक्षा वस्तीत. किती मजल्यांपर्यंत विहार करतात ते पाहायचं होतं."

"असं? मग प्रयोग कोणावर चाललाय, कोंबड्यांवर की शेजाऱ्यांवर?"

"दोघांवर. तुलना करायला बरं."

वसुंधराबाई हसल्या नाहीत. त्यांनी चाकासमोरच्या ब्रॉयलरला बोटाने हलकेच ढोसले. "ही उशी कधीपासून इथं आहे?"

"उतरल्यापासून," उत्कर्ष म्हणाला.

"चालत नाही?"

"नाही, मॅडम."

"हिला मोकळं सोडलं काय आणि पेटीत ठेवलं काय, सारखंच. मोकळं रान कोणाला द्यायचं ते आधी जात पाहून ठरवावं, एवढी अक्कल आपल्या संस्थेत कोणाला नाही. त्यात मीही आले." मग त्या एसीकडे वळल्या. "आणि ह्या? ह्यांना इतकं बिथरवून कोणी आणलं?"

सगळ्यांनी प्रतापसिंहाकडे पाहिले. प्रतापसिंहाने उत्कर्षकडे पाहिले. उत्कर्षने आकाशाकडे पाहिले. तिथेही एक कोंबडी होती.

"अंधार पडायच्या आत त्या खाली यायला हव्यात," बाई म्हणाल्या. "दाणे नकोत, काठी नको, पाठलाग नको. नाही जमलं, तर उद्या शेत बघायची मला गरज नाही. ज्याला बारा कोंबड्या सुखरूप आणता येत नाहीत, त्याला मी रान देणार नाही. हैदराबादला टेबल आणि खुर्ची आहे, तिथं बसेल."

उत्कर्षने दोन्ही हात पसरले आणि अत्यंत प्रेमळ सुरात, एकेका मजल्याकडे पाहत, "या... या छे..." असे म्हणायला सुरुवात केली. कोंबड्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. एकीने वरून उत्तर दिले. ते त्याच्या बाहीवर पडले.

मल्हाररावांनी अस्मिताकडे पाहिले. तिने ट्रे जिन्याच्या कठड्यावर ठेवला होता आणि ती वडिलांकडे पाहत नव्हती. तिला रडू येऊ घातले की ती अशीच दुसरीकडे पाहते. मग मल्हाररावांचे डोके फिरले. छत्तीस वर्षे त्यांनी रेल्वेच्या यार्डात मालगाडीच्या इंजिनावरून आवाज चढवून गँगमनना हाका घातल्या होत्या. त्या आवाजाने एकदा उभी वॅगन आपोआप रुळावर सरकली होती. आता त्याला साक्षीदार उरलेले नाहीत, पण वॅगन अजून असेल.

"ए भवान्यांनो," मल्हारराव गरजले, "खाली उतरा. बापाची गच्ची आहे का ही? तू गं, साडीवरची, मुंडी काय हलवतेस, तुलाच सांगतोय. लाज नाही वाटत लोकांच्या साड्यांवर बसायला? आणि ती पीठ फासलेली कुठं गेली? चला, एका रांगेत. ऊठ गं ए तांबडे, अंडं घातलंस म्हणून चेअरमन झालीस का?"

ढोलही थांबला. आणि मग साडीवरची कोंबडी खाली आली. तिच्यामागून एसीवरची. बाल्कनीतल्या दोघी कठड्यावरून कठड्यावर, सासूने हाक मारल्यावर सुना याव्यात तशा मान खाली घालून. स्कूटरवरच्या सीट सोडून उतरल्या. मल्हारराव शिव्या घालत टेम्पोकडे चालू लागले आणि त्या त्यांच्यामागे चालू लागल्या. हौद्यात चढून सगळ्या खाली बसल्या, पंख आवरून, अगदी निवांत. एकीने तर डोळे मिटले.

"आ तो रेवाडोसी जेवो ज अवाज," प्रतापसिंह डोक्याला हात लावून म्हणाला. कोंबड्या जिच्या अंगणात वाढल्या त्या म्हातारीचे नाव रेवा, आणि ती पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत त्यांना अशीच झोडपून काढते, असे त्याने समजावून सांगितले. कोंबड्यांच्या दृष्टीने शिव्या म्हणजे घर.

वसुंधराबाई हौद्याशी गेल्या. एका कोंबडीच्या पंखाखाली हात घालून त्यांनी तिचे ठोके मोजले. मग उत्कर्षकडे वळल्या. "तुमच्या प्रबंधात संथ संगीत आहे ना? खोडून टाका." आणि मल्हाररावांना म्हणाल्या, "तुम्ही रोज असेच बोलता?"

"नाही हो. माणसांशी जरा कडक बोलतो."

चहा झाला. बाईंनी तीन कप घेतले. तिसरा कप संपवून बाईंनी निर्णय दिला. ब्रॉयलर परत पाठवायच्या. गावठी जात घेऊन प्रयोग चालू राहणार. उत्कर्ष आणि अस्मिता बडोद्यातच राहणार.

मल्हाररावांनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरले, आणि सर्दी झाल्याचे दोनदा सांगितले.

"आता पुढचा टप्पा," बाई म्हणाल्या. "लांबचा प्रवास. बडोदे ते हैदराबाद, रस्त्याने. गावठी कोंबड्या परिचित आवाजाच्या सोबतीने किती शांत राहतात, ते मला पाहायचंय. पुढच्या आठवड्यापासून, महिन्यातून दोनदा. जायचं, यायचं."

"उत्तम," मल्हारराव म्हणाले. "रेवाडोसीला विचारा."

"ती गाव सोडत नाही, असं प्रतापसिंह म्हणतो."

"मग माझा आवाज फोनवर भरून घ्या."

ते लगेच करून पाहिले. उत्कर्षने फोन हौद्यात धरला. कोंबड्यांनी क्षणभर ऐकून घेतले, मग त्या भडकल्या आणि एकीने पडद्याला चोच मारून तडा घातला.

"जिवंत माणूस लागतो," बाई म्हणाल्या. "नाहीतर टप्पा रद्द. टप्पा रद्द, तर प्रयोग रद्द."

अस्मिता कपबशा गोळा करू लागली, आणि दुसरीकडे पाहू लागली.

अशा रीतीने अस्मिता बडोद्यात राहिली आणि मल्हारराव हैदराबादला निघाले. टेम्पोत चालकाशेजारी त्यांची जागा. मागे बाराजणी, गवताच्या गादीवर, वाऱ्याला आडोसा करून, दर दोन तासांनी पाणी. मल्हाररावांच्या सीटचा स्पंज कधीच निघून गेला होता. त्यांना पाणी द्यायचे कोणी ठरवले नव्हते. भरूच मागे पडले. हमरस्त्याच्या कडेला एकामागून एक ढाबे होते, आणि त्यांच्या भट्ट्यांवरून जो वास येत होता, त्यापायी मल्हाररावांच्या शिव्यांचा सूर अधूनमधून हळवा होत होता.

"प्रतापसिंह, इथं थांबव जरा. पाचच मिनिटं."

"ना, काका. साहेबे ना पाडी छे. ए वास आवे तो मरघीने टेन्शन थाय."

अस्मिताचा फोन आला. आता फोन चालू ठेवायची परवानगी होती. घंटी वाजली की मल्हारराव फोनला शिव्या घालत, आणि त्या मागच्यांना आवडत.

"बाबा, सगळं ठीक ना? त्रास नाही ना होत?"

लेक चक्क काळजीच्या सुरात बोलत होती. दर दोन तासांनी फोन करणार होती म्हणे. ते बडोद्यात असताना ती आठवड्यातून तीनदाच येत असे.

"त्रास कसला," ते म्हणाले. "तू ठेव फोन. शांतता नाही तुझ्यामुळे."

"तसं नाही, बाबा," अस्मिता म्हणाली. "उत्कर्ष विचारतोय. कोंबड्यांना होत नाही ना?"